नर्सिंग-मेडिकल रिसर्चसाठीचा इन्फरेन्शियल स्टॅटिस्टिक्स कोर्स: आठही आठवडे पूर्ण केले, सविस्तर रिव्ह्यू

कोर्स परवा संपला, डोक्यात सगळं ताजं आहे तोवर लिहून टाकते, कारण मी घ्यायच्या आधी रिव्ह्यू शोधत होते तेव्हा 'खूप छान', 'सोप्या भाषेत शिकवलंय' एवढंच सापडत होतं आणि त्यावरून काही ठरवता येत नव्हतं. मी स्टाफ नर्स आहे, पोस्ट-ग्रॅज्युएशनला थिसिस केलाय, आता वॉर्डमधलाच एक छोटा स्टडी करायचाय. म्हणजे स्टॅटिस्टिक्स मला अगदीच कोरं नव्हतं. मीन, मीडियन, स्टँडर्ड डेव्हिएशन, टक्केवारी, बार चार्ट इथपर्यंत यायचं. अडायचं ते त्याच्या पुढे. माझ्या तीस पेशंटमध्ये जे दिसलं त्यावरून मी न पाहिलेल्या पेशंटबद्दल किती बोलू शकते आणि किती खात्रीने? इन्फरेन्शियल म्हणजे मुळात हा एक प्रश्न आहे, आणि तो या शब्दांत मला थिसिस संपेपर्यंत कोणी सांगितलाच नव्हता.

थिसिसच्या वेळी काय झालं ते सांगते म्हणजे मी या कोर्सला एवढे मार्क का देतेय ते कळेल. आमच्याकडे एक तक्ता फिरायचा, कुठल्या डेटाला कुठली टेस्ट. दोन ग्रुप असले की टी-टेस्ट, तीन असले की अ‍ॅनोव्हा, टक्के असले की काय-स्क्वेअर. तो तक्ता बघायचा, सॉफ्टवेअरमध्ये क्लिक करायचं, पी-व्हॅल्यू नावाचा आकडा ०.०५ च्या खाली आला की स्टार लावायचा आणि 'नल हायपोथेसिस रिजेक्टेड' लिहायचं, म्हणजे 'काही फरक नाही' हे गृहीतक फेटाळलं. मी ऑपरेशनच्या आधी समजावून सांगितल्याने पेशंटची भीती कमी होते का हे बघितलं होतं, त्याच पेशंटचा आधीचा आणि नंतरचा स्कोअर, आणि टेस्ट लावली दोन वेगळ्या ग्रुपची. गाइडनी बघितलं, सही केली. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, बाई, हे आधीचे आणि नंतरचे पेशंट वेगवेगळे आहेत का? मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा कळला, आणि उत्तर नव्हतं. तो दिवस मी विसरलेले नाही.

तर कोर्स. पहिला आठवडा व्हेरिएबलचे प्रकार, पॉप्युलेशन आणि सॅम्पल, रँडम सॅम्पलिंग आणि रँडम अलोकेशन यातला फरक. ज्यांना येतं त्यांनी दीडपट स्पीडने बघितलं तरी चालेल, फक्त शेवटचा फरक नीट ऐका, कारण बऱ्याच जणांचा इथेच गोंधळ असतो. पेशंट निवडायचे कसे ही एक गोष्ट आणि निवडलेले पेशंट दोन ग्रुपमध्ये वाटायचे कसे ही वेगळी गोष्ट.

दुसऱ्या आठवड्यापासून कोर्स खरा सुरू होतो. तिथे लेक्चरच्या आधी एक काम दिलंय आणि आळस न करता ते करा अशी कळकळीची विनंती आहे. दोनशे सिस्टोलिक बीपी रीडिंगची यादी देतात, ती चिठ्ठ्यांवर लिहायची. मीन १२८, स्टँडर्ड डेव्हिएशन १५. मी वह्यांची जुनी पानं फाडून चिठ्ठ्या केल्या, एका डब्यात घातल्या, आणि नाइट ड्यूटीनंतरच्या सुट्टीच्या दुपारी टेबलावर बसले. एक चिठ्ठी काढायची, आकडा लिहायचा, परत डब्यात टाकायची, डबा हलवायचा. नऊ चिठ्ठ्यांची सरासरी काढायची आणि ग्राफ पेपरवर एक ठिपका. असे वीस ठिपके. माझे ठिपके ११९ पासून १३७ पर्यंत पसरले. सरासरी तर १२८ आहे हे मला माहीत होतं, मीच चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, तरी एका वेळी ११९ आली. म्हणजे मी खरंच नऊ पेशंटचा स्टडी केला असता आणि नेमके ते नऊ माझ्या वाट्याला आले असते तर मी काय लिहिलं असतं? मग छत्तीस-छत्तीस चिठ्ठ्या काढायच्या, त्याचे दहा ठिपके. हात दुखून आला, पण ठिपके १२४ ते १३२ मध्येच बसले.

स्टँडर्ड एरर म्हणजे त्या ठिपक्यांचा पसारा. स्टँडर्ड डेव्हिएशन भागिले सॅम्पल साइझचं वर्गमूळ. नऊ पेशंटला १५ भागिले ३ म्हणजे ५, छत्तीसला १५ भागिले ६ म्हणजे अडीच. पेशंट चौपट केले तेव्हा कुठे पसारा निम्मा झाला. हे सूत्र मी पाठ केलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं, पण हाताने ठिपके मारल्यावर मला पहिल्यांदा दिसलं की स्टँडर्ड डेव्हिएशन हे पेशंट एकमेकांपासून किती वेगळे आहेत ते सांगतं आणि स्टँडर्ड एरर हे माझी सरासरी किती डळमळीत आहे ते सांगतं. पेपरमध्ये कुठे 'अधिक-उणे ३' असं लिहिलेलं दिसलं की आता मी आधी शोधते की ते तीन नक्की कुठले आहेत, कारण स्टँडर्ड एरर लिहिला की आकडा छोटा दिसतो आणि वाचणाऱ्याला वाटतं सगळे पेशंट अगदी एकसारखे होते. कोर्सच्या इन्स्ट्रक्टर मॅडमचा यावर फार कटाक्ष आहे आणि तो बरोबरच आहे.

कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो तो ९५ टक्के भरवशाचा पट्टा, तिसऱ्या आठवड्यात, पी-व्हॅल्यूच्या आधी. हा क्रम मला फार आवडला. बाकी सगळीकडे पी-व्हॅल्यू आधी येते आणि इंटरव्हल शेपटासारखा मागून, इथे उलट आहे. सरासरीच्या दोन्ही बाजूंना साधारण दोन स्टँडर्ड एरर, नेमकं सांगायचं तर १.९६, सॅम्पल छोटा असेल तर टी-टेबलमधून थोडा मोठा आकडा. ९५ टक्के म्हणजे काय हे त्यांनी त्याच चिठ्ठ्यांवर दाखवलं. प्रत्येक ठिपक्याभोवती, त्याच्याच नऊ चिठ्ठ्यांच्या स्टँडर्ड डेव्हिएशनवरून, तेवढी आडवी रेघ काढायची आणि बघायचं किती रेघा १२८ ला शिवतात. माझ्या वीसपैकी एकोणीस शिवल्या. एक नाही शिवली. ९५ टक्के हा रेघा काढायच्या पद्धतीचा भरवसा आहे, हातातल्या एका रेघेचा नाही, हे वाक्य मी आधी तीन पुस्तकांत वाचून पुढे गेले होते. नेमन या स्टॅटिस्टिशियननी ही कल्पना १९३७ मध्ये मांडली असा एक ओझरता उल्लेख येतो.

मध्येच एक लहानशी गोष्ट सांगितली आहे जी वॉर्डमध्ये रोज उपयोगी पडेल. समजा साठ कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत लावतात ती नळी) बघितले आणि एकातही इन्फेक्शन नाही. मग इन्फेक्शनचं प्रमाण शून्य आहे असं लिहायचं का? तीन भागिले साठ करा, पाच टक्के. म्हणजे खरं प्रमाण पाच टक्क्यांपर्यंतही असू शकतं आणि तरी साठात एकही न दिसणं शक्य आहे. तीनचा नियम म्हणतात याला. आमच्याकडे 'या महिन्यात एकही केस नाही' असं नोटीस बोर्डवर लागतं, आता ते वाचताना मी आधी किती पेशंट होते ते विचारते.

चौथा आठवडा म्हणजे या कोर्सचा जीव आहे. पी-व्हॅल्यू शिकवायला त्यांनी बारा कार्डं कापायला लावली. सहा पेशंटना ड्रेसिंगच्या वेळी संगीत ऐकवलं, सहांना नाही, असं समजायचं. शून्य ते दहाच्या स्केलवर वेदना. संगीतवाले ३, ४, ४, ५, ५, ६. दुसरे ५, ६, ६, ७, ७, ८. सरासरी साडेचार आणि साडेसहा, फरक दोनचा. आता म्हणायचं की संगीताने काहीही होत नाही, हे बारा जण काहीही केलं असतं तरी हेच आकडे सांगणार होते आणि कोण कुठल्या ग्रुपमध्ये गेला हा निव्वळ योगायोग. म्हणजे मग कार्डं पिसून परत सहा-सहा वाटली तरी काही बिघडत नाही. पिसा, वाटा, दोन्ही सरासऱ्यांमधला फरक लिहा, परत पिसा. मी शंभर वेळा केलं. बहुतेक वेळा फरक शून्य, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, एक असाच यायचा. दोन किंवा त्याहून जास्त, कुठल्याही बाजूने, शंभरात दोनदाच आला. मग व्हिडिओत दाखवलं की बारातून सहा निवडायचे एकूण ९२४ प्रकार आहेत आणि त्यातल्या फक्त २० वाटण्यांमध्ये एवढा फरक पडतो. वीस भागिले ९२४, ०.०२.

हीच पी-व्हॅल्यू. फरक मुळात नसताच, तर नुसत्या वाटणीच्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता. बस. संगीत काम करतं याची शक्यता ९८ टक्के असा त्याचा अर्थ होत नाही, नल हायपोथेसिस खरी असायची शक्यता दोन टक्के असाही होत नाही, कारण आपण हिशोबच ती खरी धरून सुरू केलाय. मी माझ्या थिसिसमध्ये नेमकं हे चुकीचं वाक्य लिहिलेलं आहे, ते आता बाइंड होऊन लायब्ररीत आहे. कोर्समध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी-व्हॅल्यूवर काढलेलं निवेदनही वाचायला दिलंय, त्यात हाच गैरसमज स्पष्ट शब्दांत खोडलाय, आणि फक्त ०.०५ ची रेघ ओलांडली की नाही यावर निष्कर्ष ठरवू नका असंही म्हटलंय. ती ०.०५ ची रेघ कुठून आली तर रोनाल्ड फिशर या स्टॅटिस्टिशियननी १९२५ च्या आपल्या पुस्तकात सोयीची म्हणून वापरली आणि ती जगभर चिकटली. ०.०४९ आणि ०.०५१ मध्ये पेशंटच्या दृष्टीने काही फरक नसतो हे एकदा मनात बसलं की पेपर वाचायची नजरच बदलते.

त्याच बारा जणांवर मग जामोवीमध्ये टी-टेस्ट केली. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आत आर ही स्टॅटिस्टिक्सची प्रोग्रॅमिंग भाषा चालते पण आपल्याला कोड लिहावा लागत नाही, एक्सेलसारखा तक्ता आणि बाजूला रिझल्ट. पी आली ०.००८, कार्डांपेक्षा कमी, कारण टी-टेस्ट आकडे नॉर्मल डिस्ट्रिब्युशनमधून, म्हणजे घंटेच्या आकाराच्या पसाऱ्यातून, आलेत असं धरते आणि कार्डं तसं काही धरत नाहीत. दोन्ही उत्तरं एकाच दिशेची आहेत पण एक नाहीत, आणि याच कारणासाठी कुठली टेस्ट वापरली ते पेपरमध्ये लिहायचं असतं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते फरकाचं इंटरव्हल, ०.६५ ते ३.३५. वेदना ३.३५ ने कमी झाली तर पेशंट स्वतःहून सांगेल की आज बरं वाटलं. ०.६५ ने कमी झाली तर त्याला कळणारही नाही. दोन्ही शक्यता या बारा जणांच्या डेटात बसतात. पी-व्हॅल्यू हे सांगत नाही, इंटरव्हल सांगतं, आणि किती फरक म्हणजे खरा फरक हे ठरवायला स्टॅटिस्टिशियन नाही, बेडजवळ उभी असणारी नर्स लागते.

टी-टेस्टच्या जन्माची गोष्ट एका मिनिटात येते, गॉसेट नावाचे गृहस्थ डब्लिनला गिनेसच्या ब्रुअरीत कामाला होते, हाताशी सॅम्पल कायम छोटे, त्यावर त्यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने पेपर लिहिला. म्हणून स्टुडंट्स टी. मला इतकी वर्षं वाटायचं विद्यार्थ्यांना शिकवतात म्हणून नाव पडलं असेल.

पाचव्या आठवड्यात माझीच थिसिसची चूक समोर आली. आठ पेशंट, भीतीचा स्कोअर, समजावून सांगायच्या आधी ५२, ४५, ६०, ३८, ५५, ४८, ६३, ४१ आणि नंतर त्याच क्रमाने ४८, ४२, ५५, ३६, ५०, ४५, ५७, ३९. आधी मुद्दाम चुकीची टेस्ट करायला लावतात, म्हणजे दोन वेगळे ग्रुप समजून. सरासरी ५०.२५ आणि ४६.५, फरक पावणेचारचा, पी साधारण ०.३७. काहीच नाही. मग पेअर्ड टेस्ट. आता प्रत्येकाचा स्वतःशीच फरक बघायचा, ४, ३, ५, २, ५, ३, ६, २. आठच्या आठ जणांचा स्कोअर उतरलाय! पी ०.००१ च्याही खाली. डेटा तोच, आकडे तेच. पहिल्या टेस्टला ३८ वाला पेशंट आणि ६३ वाला पेशंट यांच्यातलं मूळचं अंतर दिसत होतं आणि त्या गर्दीत चार मार्कांचा फरक बुडून जात होता, दुसऱ्या टेस्टने प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच केली. त्या परीक्षकांनी मला हेच विचारलं होतं. हा व्हिडिओ मी दोनदा बघितला, दुसऱ्यांदा गरज नव्हती तरी.

आणि लगेच पुढच्याच व्हिडिओत ब्रेक लावलाय, की पी एवढी छान आली तरी समजावून सांगितल्यामुळेच भीती कमी झाली असं म्हणता येत नाही. कंट्रोल ग्रुप, म्हणजे तुलनेसाठी समजावून न सांगितलेल्या पेशंटचा ग्रुप, नाही. वेळ गेला म्हणूनही कमी होते, ज्यांचा पहिला स्कोअर फार जास्त असतो त्यांचा दुसऱ्यांदा आपोआप थोडा खाली येतोच, आणि समोर सिस्टर उभ्या असताना पेशंट चांगलंच बोलतो. नर्सिंगमधले कितीतरी विद्यार्थी-स्टडी एकाच ग्रुपचे, आधी आणि नंतर असे असतात, माझाही तसाच होता, त्यामुळे हा व्हिडिओ सगळ्या गाइड मंडळींनीही बघावा असं मला मनापासून वाटतं.

सहावा आठवडा काय-स्क्वेअर, आणि इथे घेतलेलं उदाहरण मी विसरणार नाही. व्हिएन्नाचं जनरल हॉस्पिटल आणि तिथले डॉक्टर सेमेलवाइस. बाळंतिणींची दोन क्लिनिक होती. पहिल्यात डॉक्टर आणि मेडिकलचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. १८४६ मध्ये पहिल्या क्लिनिकात ४०१० बाळंतपणं, ४५९ मृत्यू. दुसऱ्यात ३७५४, मृत्यू १०५. साडेअकरा टक्के आणि पावणेतीन टक्के. आता दोन्हीकडे धोका सारखाच असता तर काय व्हायला हवं होतं? एकूण ७७६४ मध्ये ५६४ मृत्यू, म्हणजे ७.२६ टक्के, त्या हिशोबाने पहिल्यात २९१ आणि दुसऱ्यात २७३ बायका जायला हव्या होत्या. दिसलेला आकडा उणे अपेक्षित आकडा, त्याचा वर्ग, भागिले अपेक्षित, चारही घरांची (दोन्ही क्लिनिकांतल्या मृत आणि वाचलेल्या) बेरीज. हे कागदावर करायला लावतात, कॅल्क्युलेटर घेऊन. मला २१५ आलं. टेबलमध्ये ०.०५ च्या रेघेसाठी ३.८४ च्या वर गेलं की पुरे असतं.

पण खरी शिकवण त्या बेरजेच्या पुढे आहे. काय-स्क्वेअर फक्त एवढंच सांगतं की हा फरक योगायोगाचा नाही. का, ते त्याला माहीत नसतं. मॅडम तिथे थांबतात आणि विचारतात की पहिल्या क्लिनिकात जास्त आजारी बायका येत असतील तर? मग सांगतात की कुठल्या क्लिनिकात भरती व्हायची हे वारावर ठरायचं, आळीपाळीने, बाईच्या तब्येतीवर नाही. म्हणजे दोन्हीकडच्या बायका बऱ्यापैकी सारख्या. वेगळं काय होतं तर डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीला तपासायला यायचे, सुईणी शवविच्छेदन करत नव्हत्या. १८४७ च्या मे महिन्यापासून क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि १८४८ मध्ये त्याच पहिल्या क्लिनिकात ३५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू, सव्वा टक्का. हा हिशोब करताना मी काही वेळ पेन खाली ठेवलं होतं. ४५९ हा एका घरातला आकडा आहे आणि त्या ४५९ बाळंतिणी आहेत. हातांची स्वच्छता आम्ही रोज शिकवतो, ऑडिट करतो, त्याच्या मुळाशी असा एक साधा चौकोनी तक्ता आहे हे मला माहीत नव्हतं.

अपेक्षित आकडा एखाद्या घरात पाचच्या खाली असेल तर फिशरची एक्झॅक्ट टेस्ट, हेही याच आठवड्यात. आणि पी-व्हॅल्यूसोबत टक्क्यांमधला फरक आणि त्याचं इंटरव्हल लिहायची सवय लावतात, वरच्या उदाहरणात ८.६ टक्क्यांचा फरक, साधारण साडेसात ते पावणेदहा. असाइनमेंटमध्ये नुसती पी लिहिली की मार्क कापले जातात. सुरुवातीला राग आला होता, आता पटलं.

सातवा आठवडा सॅम्पल साइझ आणि पॉवर. चांगला आहे पण घाईत उरकलाय. अर्ध्या स्टँडर्ड डेव्हिएशनचा फरक पकडायचा असेल, पॉवर (फरक खरंच असेल तर तो पकडायची शक्यता) ८० टक्के आणि अल्फा (फरक नसताना चुकून 'आहे' म्हणायची शक्यता) पाच टक्के, तर प्रत्येक ग्रुपमध्ये ६४ पेशंट लागतात, आणि त्याच्या निम्मा फरक पकडायचा तर जवळपास चौपट. जीपॉवर या सॉफ्टवेअरमध्ये करून दाखवतात. वीस टक्के पेशंट मध्येच गळतील असं धरलं तर ६४ च्या जागी ८० घ्यावे लागतील, हे एका वाक्यात सांगून पुढे जातात, पण वॉर्डमध्ये स्टडी करणाऱ्याचं सगळं दुखणं इथेच असतं! डिस्चार्ज होतो, पेशंट शिफ्ट होतो, नातेवाईक नको म्हणतात. गळालेल्या पेशंटचं पुढे ॲनालिसिसमध्ये काय करायचं, ते सोडून द्यायचे का धरायचे, यावर काहीच नाही. एक पूर्ण व्हिडिओ हवा होता. आणि छोट्या सॅम्पलमध्ये पी ०.०५ च्या वर आली म्हणजे 'फरक नाही' असं होत नाही, पुरावा मिळाला नाही एवढंच होतं, हे मात्र त्यांनी छान ठसवलंय.

याच आठवड्यात खूप टेस्ट एकदम केल्या की काय होतं ते आहे. फरक कुठेच नसताना वीस स्वतंत्र टेस्ट केल्या तर निदान एक तरी ०.०५ च्या खाली यायची शक्यता ६४ टक्के. उदाहरण आयसिस-२ या ट्रायलचं, १९८८, हार्ट अटॅकचे १७ हजारांवर पेशंट, अ‍ॅस्पिरिनने एकूणात मृत्यू स्पष्ट कमी झाले, पण पेशंट राशींप्रमाणे पाडले तर मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना अ‍ॅस्पिरिनचा फायदा दिसेना, उलट थोडं नुकसानच दिसत होतं. संशोधकांनी ते मुद्दाम छापलं, सबग्रुप पाडत गेलं की काय काय निघतं हे दाखवायला. माझ्या थिसिसमध्ये वय, शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न, कुटुंबाचा प्रकार, अशा प्रत्येक गोष्टीशी ज्ञानाच्या स्कोअरचा संबंध काय-स्क्वेअरने तपासलेला आहे. जवळपास सगळ्याच नर्सिंग थिसिसमध्ये तो तक्ता असतो. त्यातला एखादा स्टार निव्वळ योगायोगाचा असणार हे लक्षात घेऊन आता मी ते तक्ते वाचते.

आता कमी पडलेल्या गोष्टी. नॉन-पॅरामेट्रिक टेस्ट, म्हणजे आकडे नॉर्मल डिस्ट्रिब्युशनमधून आलेत असं न धरणाऱ्या टेस्ट, एका अठरा मिनिटांच्या व्हिडिओत गुंडाळल्यात, मान-व्हिटनी, विल्कॉक्सन, क्रुस्कल-वॉलिस, एकामागून एक. नर्सिंगमध्ये निम्मा डेटा लाइकर्ट स्केलचा ('पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशा पर्यायांचा), पेन स्कोअरचा असतो, आम्हाला त्याचीच जास्त गरज. अ‍ॅनोव्हाचा आठवडाच नाही, तो सहाव्याच्या शेवटी स्लाइड वाचून दाखवल्यासारखा आहे. दुसरं म्हणजे निरीक्षणं स्वतंत्र असायला हवीत ही अट एकदा सांगितली आणि सोडून दिली. एका पेशंटच्या दोन हातांवरचे दोन कॅन्युला म्हणजे दोन पेशंट होत नाहीत, एका वॉर्डातले तीस जण एकाच सिस्टरच्या हाताखालचे असतील तर तेही पूर्ण वेगवेगळे म्हणता येत नाहीत. आमच्या क्षेत्रात ही चूक फार होते आणि सॉफ्टवेअर काही ओरडत नाही, ते मुकाट्याने उत्तर देतं. मी हे डाउट सेक्शनमध्ये लिहिलं, मॅडमनी दोन दिवसांत सविस्तर उत्तर दिलं आणि पुढच्या बॅचसाठी घालू म्हणाल्या, बघू.

क्विझचा त्रास आहे. उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत हवं का दोन हे कुठे लिहिलेलं नाही, ०.०२ लिहिलं की चूक, ०.०२२ लिहिलं की बरोबर. दोन क्विझमध्ये माझे मार्क असेच गेले. मोबाइलवर जामोवीचे स्क्रीन वाचता येत नाहीत, लॅपटॉप लागेलच.

आठव्या आठवड्यात एक छापील पेपर घेऊन त्याचा रिझल्ट सेक्शन ओळीओळीने वाचायचा, आणि स्वतःचा छोटा डेटा घेऊन रिपोर्ट लिहायचा. मी माझ्या थिसिसचाच डेटा परत उघडला, पेअर्ड टेस्ट केली, फरकाचं इंटरव्हल काढलं. उत्तर आधी लिहिलं होतं त्यापेक्षा वेगळं आलं, निष्कर्षाची भाषा तर पूर्णच बदलावी लागली. 'परिणामकारक ठरले' च्या जागी आता 'स्कोअर सरासरी एवढ्याने कमी झाला, खरा फरक या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत असू शकतो, कंट्रोल ग्रुप नसल्याने कारण सांगता येत नाही' असं लांबलचक वाक्य आहे. ते लिहिताना मला पहिल्यांदा वाटलं की हे माझं काम आहे आणि यातल्या प्रत्येक शब्दाला मी उत्तर देऊ शकते.

कोणी घ्यावा? पीजी करणाऱ्या नर्सेस, रेसिडेंट डॉक्टर, फिजिओवाले, ज्यांचा थिसिस सुरू व्हायचाय त्यांनी डोळे झाकून घ्या, आणि डेटा गोळा करायच्या आधी घ्या, नंतर नाही. ज्यांना रिग्रेशन, सर्व्हायव्हल ॲनालिसिस पाहिजे त्यांच्यासाठी हा नाही. आठवड्याला पाच-सहा तास लागतात, शिफ्ट ड्यूटी असेल तर आठ आठवड्यांचे दहा होतात, मला साडेनऊ लागले. पाचपैकी साडेचार. आणि चौथ्या आठवड्याची बारा कार्डं व्हिडिओ लावायच्या आधी कापून, शंभर वेळा पिसून घ्या, व्हिडिओत उत्तर आधी बघितलंत तर ती मजा परत येत नाही.